सातव्या खोपटीचं शून्य

"मॅडम, हे शून्य खरंच शून्य आहे, की भरायचं राहिलंय?"

वैभवीनं मान वर न करताच विचारलं. तिला नोकरीला लागून तीन महिने झाले होते आणि पडद्यावरच्या तक्त्यात बोट रोवून प्रश्न विचारायची तिची सवय अजून गेली नव्हती. प्रश्न साधा होता. जुईलीनंच पहिल्या आठवड्यात तिला तो विचारायला शिकवला होता. रिकामा चौकोन आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकाचा अर्थ बघितलंच नाही, दुसऱ्याचा अर्थ बघितलं आणि नव्हतं. पण शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, हिंजवडीतल्या सहाव्या मजल्यावर, तो प्रश्न ऐकून जुईलीच्या पोटातून काहीतरी खचकन खाली गेलं. "मूळ कागद बघ," ती म्हणाली. "मूळ कागद कुठायत आपल्याकडे? त्यांनी नुसता तक्ता पाठवलाय." "मग ज्यानं भरलं त्याला विचार." "आणि तो सांगेल?" वैभवी हसली. "तीन महिन्यांनी कोण सांगतंय मॅडम, की मी तेव्हा डोळे मिटून बसले होते म्हणून!" जुईलीही हसली. हसताना वरचा ओठ दातांना चिकटून राहिला. तोंड इतकं कधी कोरडं पडलं, ते तिला कळलंच नाही.

ती उठून तोंड धुवायला गेली. गार पाण्याचा ओघळ गालावरून कानाकडे गेला आणि तिनं हात झटकन गालावर मारला. ओघळच होता. पण नोव्हेंबरपासून गालाच्या त्या जागेला काहीही शिवलं, उशीच्या अभ्र्याचा दोरा, स्वतःचाच एखादा केस, की असंच व्हायचं. आधी हात जायचा आणि मग कळायचं की आपण कुठं आहोत. आरशात तिनं स्वतःकडे बघितलं. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, वय सत्तावीस, पाण्याखाली मारलेल्या बुड्या एकेचाळीस. सगळे आकडे खरे होते. खिशात फोन थरथरला. मेधाचा निरोप सगळ्या गटाला आला होता: उद्या सकाळी आठला धक्क्यावर. सात नंबर उचलायची आहे. खाली दयानंदसर आणि निषाद. राखीव जुईली. त्याखाली निषादनं अंगठा पाठवला होता. जमिनीवर अंगठा म्हणजे 'चालेल'. पाण्याखाली त्याचा अर्थ होतो 'वर चल'. जुईली त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

मुळशीच्या तलावात त्यांच्या गटानं बारा खोपट्या टाकल्या होत्या. कागदोपत्री त्यांना कृत्रिम अधिवास म्हणत. विहिरीला लावतात तसल्या सिमेंटच्या कड्या, उरवड्याच्या एका शेडमध्ये भोकं पाडून ओतून घेतलेल्या, तीन-तीन एकावर एक, आणि त्यांत खोचलेल्या बांबूच्या मोळ्या. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, पावसात चढतं. तळ नुसता उघडा गाळ, पिल्लांना लपायला जागा नाही. म्हणून ही घरं. गावातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांना खोपटी म्हणून टाकलं आणि गटानंही तोच शब्द उचलला. दर तीन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी गटातली माणसं खाली उतरायची. कुणी संगणकवाले, कुणी शिक्षक, एक दातांची डॉक्टर. खोपटीपाशी तीन मिनिटं निश्चल थांबायचं, म्हणजे बिचकून पळालेले मासे परत येतात. मग पाच मिनिटं मोजायचं. पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं: महाशीर, चिलापी, शिंगटा, वाम. दयानंदसरांनी आयुष्यभर बंदरांत पाणबुड्याचं काम केलं होतं आणि त्यांचे नियम म्हणींसारखे होते. काही दिसलं नाही तर शून्य लिहा. पोचला नाहीत, गढूळ होतं, घाबरलात, काहीही असो, तिथं आडवी रेघ मारा. "शून्य हा आकडा आहे," ते म्हणायचे, "रेघ ही कबुली आहे. मला दोन्ही चालतात. एकाच्या जागी दुसरं चालत नाही." आणि खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर चुकलेल्यावर एक रेघ ओढायची, शेजारी सही.

नोव्हेंबरात पाणी चहासारखं होतं. ती आणि निषाद सहाव्या खोपटीपाशी बारा मीटर खोलीवर होते आणि सहापासून सातपर्यंत तळाशी दहा मीटरचा दोर ताणलेला होता. जोडी सोडायची नाही हा नियम. पण गढूळ पाण्यात दोर हातात असला की जोडी सुटली असं म्हणत नाहीत, हे निषादचं तत्त्वज्ञान. थंडी वाजत होती, वेळ वाचवायचा होता. तो सहा मोजायला थांबला, ती दोर धरून सातकडे निघाली. पहिल्या दोन मीटरांत निषादचा दिवा पिवळ्या डागासारखा मागे राहिला, मग नुसता पिवळेपणा, मग तोही नाही. स्वतःच्या दिव्यात फक्त गाळाचे कण, आणि दोर धरलेला स्वतःचाच हात, दुसऱ्या कुणाचा असावा इतका पांढरा. आणि मग गालाला काहीतरी लागलं. आपटलं नाही, टोचलं नाही. केसासारखं बारीक काहीतरी मास्कखालून जबड्यापर्यंत आडवं फिरलं, थांबलं, किंचित ताणलं गेलं आणि सुटलं. एवढंच. दिव्यात काहीच दिसलं नाही. ती ओरडली असती, पण तोंडात हवेच्या नळीचं रबर होतं. पाण्याखालच्या भीतीला आवाज नसतो, फक्त श्वासाचे बुडबुडे वाढतात. तिनं डोळे मिटले. दोर मुठीत धरून, सहापासून साडेतीन-चार मीटरवर, ती आठ मिनिटं तशीच राहिली. आठ मिनिटं हे तिला मागाहून मनगटावरच्या यंत्रानं सांगितलं. तेव्हा वेळ नव्हता. होता जालन्याचा हौद.

घराच्या अंगणाखालचा तो हौद. नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं, आणि यायच्या आदल्या दिवशी हौद धुवायचा. तोंड एवढंसं की मोठं माणूस आत जाईना, म्हणून सात वर्षांच्या जुईलीला आई काखेत हात घालून खाली सोडायची. आत घोट्याएवढं पाणी आणि स्वतःचा श्वास चारही भिंतींवरून परत येणारा. वर उजेडाचा एक चौकोन आणि त्यात आईचं डोकं. तीन कोपरे उजेडात, चौथा नाही. "चौथ्या कोपऱ्यातला गाळ काढलास का गं?" वरून आवाज यायचा आणि हौद तो तीनदा विचारायचा. "काढला," जुईली म्हणायची. काढलेला नसायचा. एकदाही नसायचा. आणि त्याचं काहीही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, पाण्याला वास आला नाही, आईनं कधी झुकून बघितलं नाही. पुढं एम.एस्सी. करताना, पहिल्यांदा समुद्रात उतरताना, लोकांना "मला पाण्याची भीती वाटत नाही" असं सांगताना, तो चौथा कोपरा कुठंतरी खाली तसाच होता, गाळासकट. खोटं बोललेलं अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटायचं. न आल्यानं तिला एक वाट कळली होती.

ती दोरावरून परत फिरली. निषादनं दिवा तिच्या मास्कवर न मारता बाजूला धरला, तेवढा सभ्य होता तो, आणि भुवया उंचावून बोटं हलवली: किती? जुईलीला त्याच्या डोळ्यांत 'बरी आहेस ना?' दिसलं. तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. पाण्याखाली जगभर त्याचा एकच अर्थ आहे: ठीक. तेही खोटंच होतं, पण लहान खोटं, स्वतःपुरतं. निषादनं मान हलवली आणि आपल्या पाटीवर लिहिलं: ७, आणि पुढं गोल. एकपासून दहापर्यंत त्यांनी बोटांच्या खुणा ठरवल्या होत्या. शून्याला खूण ठरवायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि गोल तर आपोआपच शून्याचा दिसतो. वर होडीत मेधानं वही मांडीवर घेऊन विचारलं, "सातवर शून्य? खरंच? एकही नाही?" निषाद ओला टॉवेल पिळत होता. जुईलीच्या पाटीवर काहीच नव्हतं. तिनं पाटी पाण्यात बुचकळली, जणू धुवायला. "हं," ती म्हणाली. एवढाच उच्चार. अक्षर म्हणूनही तो धड नव्हता. त्या 'हं'वर मेधानं शून्य काढलं आणि त्या शून्यावर तीन महिन्यांत बैठक झाली, नकाशा बदलला, ठराव झाला: सात नंबर वापरात नाही, उचलून दुसरीकडे बसवावी. कड्यांना पट्टे बांधायला दोघं खाली जातील. गढूळ पाण्यात, दोन्ही हात कामात गुंतलेले, आणि सातपाशी काय आहे हे कुणीही बघितलेलं नाही. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

शनिवारी सकाळी निषाद तिला भुगावातून गाडीत घेऊन निघाला. पिरंगुटचा चढ, मग पौड, मग दोन्ही बाजूंना भाताचे सड राहिलेली खाचरं. निषाद एकटाच बायकोच्या गप्पा सांगत होता. "अपेक्षा काल म्हणते, मासे मोजायला जातोस तर एखादा आणत तरी जा. म्हटलं, अगं, आम्ही त्यांची जनगणना करतो. तर म्हणते, जनगणनेवालेसुद्धा चहा पिऊनच उठतात." तो स्वतःच हसला. मागच्या सीटवर त्याच्या मुलीची खुर्ची होती आणि तिच्या पट्ट्यात एक बिस्कीट अडकून कडक झालेलं होतं. जुईली त्या बिस्किटाकडे आरशातून बघत राहिली. पट्टा. अडकलेलं. ती म्हणाली, "निषाद, नोव्हेंबरमध्ये सातवर..." "हो ना!" त्यानं गिअर बदलला. "बरं झालं तू गेलीस. मी असतो तर तिथं एक तरी मासा काढलाच असता ओढूनताणून. एवढ्या मेहनतीनं बसवलेली. पण शून्य म्हणजे शून्य. सर म्हणाले, जुईलीचं शून्य आहे म्हणजे विषय संपला." विषय संपला. खिडकीबाहेर एक धनगरीण मेंढरांना रस्त्याच्या कडेला दाबून उभी होती. मेंढरं एकमेकांच्या अंगात तोंडं खुपसून थांबलेली. पुढं काय आहे ते बघायचं कुणालाच नव्हतं. सांग, आता सांग, जुईली मनाशी म्हणाली, आणि जीभ हलवून बघितली. हलली. पण त्यातून जे आलं ते होतं: "एसी जरा कमी कर ना."

धक्क्यावर म्हसू होडी लावून उभा होता. चाळिशीचा, काटक, डोक्याला मळका रुमाल. घरची शेरडं, थोडं भात, आणि गटाचं काम असेल त्या दिवशी होडी. खोपट्यांच्या आसपास कुणी जाळं टाकायचं नाही असं गावाशी ठरलेलं, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बघायचं कामही गटानं म्हसूलाच दिलं होतं. "आज कोन बुडनार?" त्यानं नेहमीचा विनोद केला. "दोन म्हातारी माणसं," दयानंदसर म्हणाले. निषाद म्हणाला, "सर, मी चौतीस वर्षांचा आहे." "पाण्यात सगळे सारखेच म्हातारे. चला." पलीकडच्या काठावरच्या रिसॉर्टमधून सकाळी सकाळी ढोलाचं कसलंसं गाणं पाण्यावरून येत होतं, मध्येच वारा फिरला की बुजायचं. पाणी वरून निळं, सपाट, सभ्य. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवरचं पाणी. इथं खोलीचं गणित थोडं बदलावं लागतं, वर यायला जास्त वेळ द्यावा लागतो. जुईलीनं ते गणित वहीत पुन्हा करून बघितलं. बरोबर आलं. जे येत होतं ते सगळं ती पुन्हा पुन्हा करून बघत होती.

सातच्या खुणेचा, वर तरंगणारा नारिंगी डबा होडीच्या नाकाशी आला. म्हसूनं डब्याचा दोर धरला आणि लगेच सोडला, तापलेल्या तव्याला हात लागावा तसा, आणि मग पुन्हा धरला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. दयानंदसर निषादच्या सिलिंडरची तोटी तपासत होते. जुईलीनं मात्र बघितलं, आणि तिच्या गालावरची ती जागा थंडगार झाली. तिला एकदम कळलं की ते काय होतं. केस नव्हता, काडी नव्हती. पाण्यात दिसत नाही इतका बारीक नायलॉन. हे तिला नोव्हेंबरातही कळलं होतं का? कळलं असणार. माणसाला कळतं आणि तो डोळे मिटतो, त्या दोहोंत किती वेळ जातो हे मोजायचं यंत्र नाही. "म्हसूदादा," ती म्हणाली, आणि आवाज हौदातून आल्यासारखा स्वतःकडेच परत आला, "इथं खाली कुणाचं जाळं तर नाही ना?" सगळे थांबले. दयानंदसरांनी मान वळवली. म्हसूनं तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग डब्याकडे. "न्हाई," तो म्हणाला. "हितं कोन टाकतंय? मी हाय की ध्यान ठिवायला." "जुईली, तुला नोव्हेंबरात काही दिसलं होतं?" सरांनी विचारलं. हा तो प्रश्न. चौकोनातून खाली आलेला, स्पष्ट, तीनदा न घुमलेला. मेधाची पेन्सिल थांबलेली. दिसलं नव्हतं; हे खरं होतं. अक्षरशः खरं होतं. "नाही," जुईली म्हणाली, "दिसलं नव्हतं." आणि म्हसूची आणि तिची नजर पुन्हा भिडली. या वेळी दोघांपैकी कुणीच ती लगेच काढली नाही. अंधाऱ्या खोलीत चोरी करायला शिरलेल्या दोघांचे हात एकाच डब्यावर पडावेत, तसं ते होतं.

निषादनं मागं कलून पाण्यात उडी घेतली, मग सर. सरांच्या कमरेला बांधलेला दोर मेधाच्या हातातून सरसर गेला आणि थांबला. ठरलं होतं असं की दर दोन मिनिटांनी वरून एक हिसका, खालून एक हिसका. पहिला गेला, उत्तर आलं. दुसरा गेला, आलं. बुडबुड्यांची दोन वर्तुळं डब्याजवळ फुटत होती. जुईली राखीव, अंगावर सगळं चढवून, मास्क गळ्यात, होडीच्या काठावर बसलेली. तिनं बुडबुडे मोजायला सुरुवात केली. एक श्वास, चार सेकंदं, एक श्वास. वर्तुळं एकमेकांत मिसळली. मग एका जागी थांबली. काम सुरू झालं असेल. चौथा हिसका. मेधा म्हणाली, "आलं नाही." तिनं पुन्हा ओढला. दोर जड, मऊ, कुठंतरी टेकल्यासारखा. "नाही येत गं. कामात असतील?" कामात असतील. हात गुंतले असतील. उत्तर नाही म्हणजे काय? सगळं ठीक आहे आणि सांगायला सवड नाही? की ठीक नाही आणि सांगता येत नाही? शून्य की रेघ? वैभवीचं बोट पडद्यावर. ज्यानं भरलं त्याला विचारा. "हाय," म्हसू म्हणाला. कुणी काही विचारलेलं नव्हतं. वल्हं मांडीवर घेऊन तो पाण्याकडे बघत होता आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "जाळं हाय तितं. माजंच. दिवाळीच्या आदी टाकलं. लई मासं हुतं ओ खोपटीपाशी, मोह आवरला न्हाई. खाली आंब्याचं जुनं खोड हाय, त्यात गुतलं, वर यीना. तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी होडीचं काम काडून घेतलं आस्तं माजं." मेधा किंचाळली, "मग मघाशी विचारलं तेव्हा नाही का सांगायचं!" "ताय, ह्यांनी इचारलं," त्यानं जुईलीकडे हात केला, "पर इचारताना ह्यांना म्हाईत हुतं. मला वाटलं, ह्या सांगत्याल."

सातवर लई मासे होते. हे वाक्य तिच्या डोक्यात शिरलं आणि त्याच्या पाठोपाठ भीती शिरली, आणि गंमत अशी की ती नेहमीच्या दाराने आली नाही. पोट खाली गेलं नाही, जीभ सुकली नाही. ती हातांत आली. हात बर्फ झाले आणि त्या हातांनी मास्क चढवला. मेधा म्हणत होती, नियमानं राखीवनं दुसऱ्या बिनउत्तराच्या हिसक्यानंतर, आणि जुईली म्हणाली, "नियम मला माहितेय," आणि पुढचं तोंडातल्या रबरात गेलं.

तीन मीटरवर पाणी हिरवं, सहावर तपकिरी, नऊवर रंग नाहीच. डाव्या हातात डब्याचा दोर, उजव्यात दिवा. श्वास रोखायचा नाही. पाण्याखाली मरायचा सगळ्यात सोपा मार्ग तो आहे. ती श्वास मोजत गेली आणि बाराव्या श्वासाला गालाला ते लागलं. तसंच. मास्कखालून जबड्यापर्यंत. डोळे आपोआप मिटले. त्या अंधारात वर उजेडाचा चौकोन होता, त्यात आई होती, आणि आईला काहीही कळणार नव्हतं. ती "काढला" म्हणून वर हात करू शकत होती, आई काखेत हात घालून उचलणार होती, याही वेळी काहीही झालं नसतं, मेधाला सांगता आलं असतं की पोचता आलं नाही. जुईलीनं डोळे उघडले. उघडले म्हणजे काय, फार नाही. भाजलेल्या पापण्या उघडाव्यात तसे. दिवा तिरपा धरल्यावर जाळं दिसलं. समोरून धरलेल्या दिव्याला ते सापडतच नाही. पाण्यात टांगलेली एक भिंत, तिच्या चौकटी-चौकटींत चंदेरी तुकडे, माशांचे सांगाडे, काही अजून मांस धरलेले. तिनं बोट पुढं केलं, धागा पकडला, आणि त्याच्या कडेकडेनं, त्याला सोडून न देता, खाली गेली. घाबरवणारी वस्तूच हातात धरायला असते तेव्हा निदान ती कुठं आहे हे तरी माहीत असतं.

निषाद कड्यांच्या वर आडवा तरंगत होता. सिलिंडरची मानेमागची तोटी जाळ्यात, डावा पाय जाळ्यात, सरांचा दोरही जाळ्यात गुरफटून आंब्याच्या खोडाला दोनदा वळसा घेतलेला. खालून दिलेले हिसके खोडातच जिरत होते. तो हलत नव्हता. सर त्याच्या मागं होते, हातांत सुरी नव्हती. ती गाळात पडली असावी, कारण ते बोटांनी, नखांनी, एकेक धागा तोटीवरून सरकवत होते, कुणी वेणी सोडवावी तसे. निषादनं तिच्या दिव्याकडे बघितलं. मास्कच्या आत त्याचे डोळे मोठे होते. त्यानं हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. ठीक? की हवा शून्य? आपण केलेलाच गोल तीन महिने फिरून आपल्यासमोर आला होता, आणि आता वाचायची पाळी आपली होती. अंदाज करायचा नाही. मूळ कागद बघायचा. तिनं त्याच्या छातीवरचा दाबमापक ओढला, दिवा टेकवला. काटा साठवर, धोक्याच्या लाल पट्टीच्या जरा वर. म्हणजे ठीक. अजून ठीक. तिनं कमरेची कात्री काढून सरांच्या हातात दिली, त्यांनी ती परत तिच्याच हातात देऊन पायाकडे बोट दाखवलं. हात थरथरत होते, ते थरथरतच राहिले, आणि थरथरत्या हातांनीही नायलॉन कापला जातो. एकेक धागा तुटताना आवाज येत नव्हता. पाय सुटला. मग तोटी. कापताना उठलेला गाळ खाली बसू लागला आणि कड्यांच्या भोकांतून, बांबूंच्या मोळ्यांतून काहीतरी बाहेर येऊ लागलं. आधी दोन, मग एका वेळी वीस-पंचवीस, बोटाएवढी पिल्लं, कडेनं सोनेरी. महाशिराची. ती सांगाड्यांच्या भिंतीच्या अलीकडे, घराच्या दारात उभी राहावीत तशी उभी राहिली आणि तिघांकडे बघू लागली. निषादनं अंगठा वर केला. वर चल.

वर यायला वेळ द्यावा लागला, गणिताप्रमाणे. होडीत चढताना दयानंदसर एवढंच म्हणाले, "पिल्लं आहेत सातवर." म्हसूनं तिघांच्या पाठीवर सुकी पोती टाकली. दयानंदसर आपली नखं बघत होते, दोनांतून रक्त येत होतं. शेवटी निषाद म्हणाला, "अपेक्षाला सांगायचं नाही हं. बिस्कीट आणायला गेलो होतो म्हणून सांगू." मेधा एकदम हसली आणि रडायला लागली. "सगळी चूक म्हसूची," ती नाक पुसत म्हणाली. "विचारलं तर तोंडावर नाही म्हणाला." म्हसूनं मान खाली घातली. त्यानं जुईलीकडे बघितलं नाही. ते त्याचं न बघणं जुईलीला दिसलं. मघाचं तो पुन्हा बोलणार नव्हता, आणि घाबरलेल्या मेधाच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं. तिनं 'हं' म्हटलं तरी चालणार होतं. काहीही होणार नव्हतं, याही वेळी. आणि पाण्याखाली जी भीती वाटली नव्हती ती आता वाटली, उघड्या उन्हात, चार माणसांसमोर. पोट खाली गेलं, जीभ सुकली, नेहमीच्या दाराने, ओळखीची.

"मेधा, वही दे," ती म्हणाली. "नोव्हेंबरचं पान."

ओल्या बोटांचे डाग कागदावर पडले. सात नंबरची ओळ, चार चौकोन, चार शून्यं, मेधाच्या नेटक्या अक्षरातली. जुईलीनं पेन्सिल घेतली आणि चारही शून्यांवरून एकच आडवी रेघ ओढली. ती वाकडी गेली. शेजारी सही केली, तारीख घातली. "मी पोचले नव्हते," ती म्हणाली. "चार मीटरवर थांबले. जाळं गालाला लागलं होतं. मी डोळे मिटून होते. निषादला ठीक म्हणून गोल केला, त्यानं शून्य लिहिलं, आणि मेधानं विचारलं तेव्हा मी हं म्हटलं. आज सरांनी विचारलं तेव्हाही." सांगून झाल्यावर तिला वाटलं, फारच थोडी वाक्यं होती. निषाद तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे खाली होते तसेच, मोठे. त्यानं अंगावरचं पोतं ओढून घट्ट केलं आणि तोंड धरणाकडे वळवलं, आणि ते तसंच राहिलं. परत जाताना गाडीत तो काय बोलेल, की बोलणारच नाही, की तिला एसटीनं जा म्हणेल, हे तिला माहीत नव्हतं.

"माजी बी घ्या सही," म्हसू अचानक म्हणाला. "येती मला. जाळं माजं, तितं माजं बी नाव पायजे." दयानंदसरांनी त्याच्याकडे रोखून बघितलं, मग वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं जुईलीच्या सहीखाली, पेन्सिल मुठीत धरून, एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. तेवढ्या वेळात होडी आपोआप थोडी वाहत गेली.

मेधानं पान उलटलं. फेब्रुवारीचं. डोळे पुसून तिनं पेन्सिलीला टोक आहे का ते बघितलं. "आणि आजचं? सातवर पिल्लं दिसली म्हणालात ना. किती लिहू?"

जुईलीनं डोळे मिटून ती पुन्हा बघितली, कडेनं सोनेरी, दारात उभी. वीस? पन्नास? तीन मिनिटं निश्चल कुणी थांबलं नव्हतं. कुणीही मोजली नव्हती.

"रेघ," ती म्हणाली.